सोनचाफ्याची गुटी

शेलार गावातल्या ठकुबाईच्या अंगणातला सोनचाफा तिच्या लेकीनं, गोदूनं लावला होता. गोदू बाळंतपणात गेली. चौऱ्याहत्तर साली वाटणी झाली आणि अंगण दिराकडे, अनंताकडे गेलं. त्याला तिथं लूमची, कापड विणायच्या यंत्रमागांची शेड बांधायची होती.

"भावजी, दसऱ्यापर्यंत झाड तोडू नका. एक रोप करून घेते," ठकुबाई म्हणाली.

"थांबतो वहिनी. पण त्याच्या पुढं न्हाय."

आषाढात तिनं बोटाएवढी जाड फांदी निवडली, तिची साल बांगडीसारखी गोल सोलली, तिथं शेणखताची माती थापली आणि वर गोणपाट घट्ट बांधून गुटी केली; आत मुळं फुटली की फांदी कापून रोप म्हणून लावता येणार होती. पावसानं उघडीप दिली की ती स्टुलावर चढून त्यावर पाणी घालायची. नवरा, लडकू, स्टूल धरायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी आल्या. तिनं गोणपाट सोडलं. सालीच्या कडेला पांढरट गाठ धरली होती, पण मूळ एकही नव्हतं.

"अजून एक महिना द्या, भावजी."

"लूम येऊन पडलेत, वहिनी. ठेवू कुठं?"

त्यानं स्वतःच ती फांदी हलक्या हातानं कापून तिला दिली. तिनं ती तेलाच्या डब्यात लावली. आठवड्यात पानं गळली.

"टाकून देऊ का?" लडकूनं विचारलं.

"हाय तशी राहू दे."

दिवाळीनंतर काठी काळी पडली, तेव्हा तिनं ती उपटून पाहिली. मग डब्यातली माती परसात ओतली. शेजारी लूम सुरू झाले होते. लडकू काहीतरी बोलला, ते तिला ऐकूच गेलं नाही.