आत्याबाईच्या नावावरच्या एक्केचाळीस प्लेटा

आत्याबाई कंपनीत कधीच आली नव्हती. येणार कुठून? ती नव्हतीच. तिला फोन नव्हता, पत्ता नव्हता, अकरा वर्षांत तिच्या नावाने एक बिल फाटलं नव्हतं. तरी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीच्या जुन्या प्रोग्राममध्ये ती गिऱ्हाईक म्हणून सुखाने नांदत होती.

तिला जन्माला घातलं स्टोअरकीपरने. कारण साधं होतं. खराब म्हणून परत आलेला माल भंगारात काढायचा तर तीन मंजुऱ्या लागायच्या, आणि तिसरी देणारा साहेब नोकरी सोडून गेला होता. त्याच्या जागी कुणाला नेमायचं ते मालक अकरा वर्षं 'बघू' म्हणत बघत होते. तोवर खराब माल चांगल्या मालातच मोजला जायचा. म्हणून स्टोअरकीपरने तो आत्याबाईच्या नावावर टाकला, मागच्या रॅकवर ठेवला आणि रॅकपुढे दोरी बांधली.

"मिशा सोडून सगळं दिलंय तिला," स्टोअरकीपर म्हणायचे, आणि स्वतःच खो खो हसायचे.

हा विनोद चाळण्याने ताईच्या घरी जेवताना शंभरदा ऐकला होता. स्टोअरकीपर म्हणजे त्याचे दाजी. कंपनीत त्याला चिकटवलं त्यांनीच. ना डिग्री, ना ओळख. कॉम्प्युटर स्वतःच खाटखूट करून शिकलेला. दाजी मालकांना म्हणाले होते, "पोरगं माझं आहे, जबाबदारी माझी." तीन वर्षं तो कंत्राटावर होता. माहितीतला कचरा चाळून काढायचा म्हणून नाव पडलं चाळण्या.

मग कंपनीला नवं सॉफ्टवेअर घ्यायची हुक्की आली. तीन कंपन्या येऊन दाखवून गेल्या. चाळण्याने तिघांना सारखेच प्रश्न विचारले, उत्तरं मांडून तक्ता केला. त्यात दुसरं सॉफ्टवेअर चांगलं होतं. खराब माल वेगळा अडवून ठेवायची सोय त्यात मुळातच होती. तिसऱ्यात ती वेगळी घ्यावी लागायची. पण तिसऱ्याचा आलेख बोटाने गोल फिरायचा. मालकांनी तो चारदा फिरवला आणि म्हणाले, "हेच."

"आणि ती अडवायची सोय?" चाळण्याने विचारलं.

"नंतर बघू," मालक म्हणाले.

जुनी माहिती नव्यात न्यायचं काम चाळण्याकडे आलं. गिऱ्हाइकांच्या यादीत सहाशे नावं नुसती बुजगावणी होती. त्याने नियम लिहिला: पत्ता नाही, फोन नाही, बिल नाही, तर नाव उडवायचं आणि त्या नावावरचा माल परत साठ्यात आणायचा. नियम झकास होता. स्वतःवर खूश होऊन त्याने त्या दिवशी दोन चहा प्यायले. आत्याबाई डोक्यातच आली नाही. इतक्या वर्षांच्या विनोदात ती त्याला घरातलीच वाटायला लागली होती, यादीतली नाही.

चाचणीत जुनं आणि नवं शेजारी ठेवून तो आकडे जुळवत होता. ब्रेकच्या प्लेटा. जुन्यात बासष्ट, नव्यात एकशे तीन. एक्केचाळीस जास्त. त्याने माग काढला, तो थेट आत्याबाईपाशी पोचला.

जेवणाच्या सुट्टीत तो स्टोअरमध्ये गेला. दाजी दोरीपाशी स्टुलावर बसून डबा खात होते.

"या मेव्हणे. चेहरा का असा, उंदीर गिळल्यासारखा?"

"दाजी, आत्याबाई उडाली."

त्याने सगळं सांगितलं. दाजींचा घास हातातच राहिला.

"म्हणजे यातलं सगळं चांगलं म्हणून दिसणार?"

"हो. आणि तिला परत आणावं तर नवं सॉफ्टवेअर पत्त्याशिवाय गिऱ्हाईक घेत नाही. ती अडवायची सोय विकत घ्यावी लागेल. तीन आठवडे जातील. आणि मुळात का लागते ते सांगावं लागेल. तुमचं नाव येईल. खोटं गिऱ्हाईक म्हणतील."

दाजींनी डबा बंद केला. "येऊ दे नाव. चार शिव्या खाईन, पचवीन. पण ह्यातली एक प्लेट कुणाच्या लिफ्टमध्ये गेली तर ते मला नाही पचणार. तू सरळ सांगून टाक."

"उद्याच सांगतो."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने त्यालाच केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक चाचणीचा अहवाल, खाली सहीची जागा. दुसरं, कायम नोकरीचं पत्र.

"सोमवारी सुरू करतोय," मॅनेजर म्हणाला. "सगळं जुळलं ना?"

"साठा थोडा जास्त दिसतोय, सर."

"कमी तर नाही ना? मग रडतोस कशाला? बाबा रे, जास्त निघालं म्हणून आजवर कुणी तक्रार केलीय का?" तो हसला. "कुठे गंभीर घोळ असेल तर आत्ता बोल. मग तारीख पुढे जाईल, हे पत्रही पुढे जाईल. मालकांचा मूड तुला माहीत आहे."

चाळण्या पत्राकडे बघत राहिला. त्यावर त्याचं नाव अगदी बरोबर छापलेलं होतं. एकदा कायम झालो की आठवड्याभरात सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. ठरवायला काय जातं?

त्याने सही केली.

शनिवारी स्टोअरमध्ये स्टिकर लावायला माणसं आली. प्रत्येक रॅकला नंबर. आता माल काढणाऱ्याने हातातल्या मशीनवर बघायचं, नंबर सांगेल तिथून उचलायचं. दोऱ्या, खडूच्या खुणा, चिठ्ठ्या सगळं बंद. दाजींना स्टोअरमधून उचलून वरच्या मजल्यावर टेबलखुर्ची दिली.

दाजी दोरीच्या गाठीवर हात ठेवून उभे होते.

"सांगितलंस ना रे?"

"सांगितलं," चाळण्या म्हणाला.

"काय म्हणाले?"

"करतायत सोय. तोवर मशीन हा रॅक दाखवणार नाही. काढा तुम्ही दोरी."

दाजींनी गाठ सोडली. दोरीची नीट गुंडाळी करून खिशात ठेवली.

आठवडा गेला. दुसरा गेला. चाळण्या रोज मॅनेजरच्या दारापर्यंत जायचा आणि पाणी पिऊन परत यायचा.

एकोणिसाव्या दिवशी एका दवाखान्याच्या लिफ्टला ब्रेकची नवी प्लेट बसवली. नवी म्हणजे मशीनने सांगितलेली, मागच्या रॅकवरची. मेकॅनिक टपावर उभं राहून तपासत होता. लिफ्ट दीड मजला घसरली. माणूस वाचला. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशी मालकांच्या खोलीत झाली. मालक, मॅनेजर, दाजी, आणि पडद्यावर जुनी माहिती काढून दाखवायला चाळण्या. त्यानेच शोधलं, त्यानेच उघडलं. एक्केचाळीस प्लेटा, गिऱ्हाईक आत्याबाई, नोंद करणारा स्टोअरकीपर.

"ही बाई कोण?" मालकांनी विचारलं.

दाजींनी सांगितलं. तिसऱ्या मंजुरीचंही सांगितलं.

"मला विचारायचं होतंत!"

"विचारलं होतं. तुम्ही बघू म्हणालात."

मालकांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "अकरा वर्षं खोटं गिऱ्हाईक! आणि वर मलाच?"

मॅनेजर मध्ये पडला. "ते राहू द्या. नवं सुरू करण्याआधी हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं का? कुणालाही?"

दाजींनी मान वळवली. मॅनेजर हा प्रश्न विचारतोय, म्हणजे त्याला कुणी काही सांगितलेलंच नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. ते चाळण्याकडे बघत राहिले. चाळण्याने पडद्यावरची तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आत्ता तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं.

"नाही," दाजी म्हणाले. "कुणालाच नाही."

त्याच दुपारी त्यांना काढलं. ओळखपत्र जमा करताना खिशातून दोरीची गुंडाळी निघाली, ती त्यांनी तिथेच टेबलावर ठेवली.

संध्याकाळी चाळण्या ताईकडे गेला. न जाऊन चालणार नव्हतं. ताईचे डोळे सुजले होते.

"तू होतास ना रे तिथे?" तिने विचारलं. "एक शब्द नाही निघाला तुझ्या तोंडून?"

दाजी लसूण सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यांना काय बोलतेस," ते म्हणाले. "बसा, साहेब. जेवूनच जा."

"साहेब काय?" ताई म्हणाली. "मेव्हणा आहे तुमचा."

दाजींनी पुढची पाकळी उचलली. ताईने ताट वाढलं. चाळण्या बसला, आणि खाली मान घालून जेवला.