बारावीचं दुसरं पुस्तक

दीपमाला मेश्राम रागावली की भांडत नसे, सरळ बोलणंच टाकायची. शाळेचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, भैय्यालाल यांच्याशी तिचा अबोला वर्षाच्या वर चालला होता. कारण काय, तर दसऱ्याला ती नागपूरला दीक्षाभूमीवर गेली, दुसऱ्या दिवशी गाडी रायपूरला उशिरा लागली आणि बाबूंनी तिची अर्धी रजा कापली. एका अर्ध्या रजेनं शाळा काय बुडणार होती? पण बाबू म्हणाले, "हव मॅडम, नियम तो नियम है." झालं! त्या दिवसापासून तिनं त्यांच्या टेबलाकडे बघणंच सोडलं.

ती बारावीला इंग्रजी शिकवायची. मुख्य पुस्तक सगळ्यांना एकच, पण जोडीला वाचायचं दुसरं पुस्तक बोर्डानं सुचवलेल्या तीन पुस्तकांतून शाळेनं निवडायचं, आणि परीक्षेत त्याच्यावर प्रश्न यायचे. शाळा वर्षानुवर्षं एक राजवाड्यातलं नाटक निवडत आलेली. का, तर त्याचं गाइड रायपूरच्या सदर बाजारात कुठंही मिळतं. नाटक उघडायचं कोणी नाव घेत नसे. पोरं गाइड घोकायची, शिक्षक गाइडातलंच फळ्यावर उतरवायचे. दीपमालाला या प्रकाराची भारी चीड.

यंदा ती शाळा उघडताच प्राचार्या निवेदिता मॅडमकडे गेली. नाटक नको, यादीतली ती खाणीच्या गावातल्या दोन बहिणींची कादंबरी घेऊ, म्हणाली. तिचं गाइड बाजारात नव्हतं, म्हणून तर तिला ती हवी होती. प्राचार्या फोनवर बोलत होत्या. हात हलवून म्हणाल्या, "अच्छा है, कराइए."

आता त्या शाळेची रीत अशी की प्राचार्यांनी हो म्हटलं, की ज्याचं काम त्यानं जाऊन बाबूंच्या कानावर घालायचं, मग बाबू बोर्डाला कळवणार. दीपमालाला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण टेबलाशी जायचं म्हणजे आधी तोंड उघडायला हवं! प्राचार्याच सांगतील, असं तिनं आपल्या मनानं ठरवून टाकलं आणि वर्गात कादंबरी सुरू केली.

आणि वर्ग काय रंगला म्हणता! आधी रडारड झाली, "मॅडम, गाइड नहीं है, मर जाएँगे." मग हळूहळू पोरं आपसात भांडायला लागली, थोरली बहीण बरोबर की धाकटी. सगळ्यात जास्त गुंतली ती गंधाली ठवकर. अभनपूरहून बसनं येणारी, अकरावीत इंग्रजीत पडता पडता वाचलेली पोट्टी. डिक्शनरी घेऊन तिनं अख्खं पुस्तक संपवलं आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. वर्गात मराठी घरच्या ती आणि मॅडम या दोघीच, म्हणून तास संपला की मॅडमना गाठून म्हणायची, "धाकटी खोटं बोलून राहिली मॅडम. मले पहिल्यापासूनच वाटते." बी.ए.ला इंग्रजी घ्यायचं तिनं ठरवलं. घरच्यांची अट होती, इंग्रजीत चांगले मार्क आणलेस तरच, नाहीतर काकाच्या पंडरीतल्या कापडाच्या दुकानावर बसायचं.

जानेवारीत एका दुपारी भैय्यालाल बाबूच स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, बोर्ड से प्रॅक्टिस पेपर आ गया है. ड्रामा पूरा हो गया ना?"

"कौन सा ड्रामा?"

"वही, राजमहल वाला. हर साल जाता है, इस साल भी वही भेजा है."

दीपमालानं टेबलावरची कादंबरी त्यांच्यापुढे धरली. तिचा चेहरा पाहून बाबूही घाबरले. सगळं ऐकल्यावर म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला. "एक बार बोल देतीं, मॅडम! मेरे को किसी ने बताया ही नहीं." आणि त्यात खोटं काय होतं? भांडायचं तरी कोणाशी!

बाबूंनी तिच्यासमोर बोर्डाला फोन लावला, नाही नाही त्या विनवण्या केल्या. पेपर छापून झालेत, आता काही बदलणार नाही, एवढंच पलीकडून उत्तर आलं. प्राचार्या आधी म्हणाल्या, "मुझे कब बताया?" मग त्यांना आठवलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "अब जो है सो है. गाइड से करा दीजिए."

संध्याकाळी दीपमाला सदर बाजारात गेली. दुकानदारानं न विचारता तेच गाइड पुढे केलं. "इस साल आपके स्कूल से कोई आया ही नहीं," तो म्हणाला. वर्गाला पुरतील एवढी गाइडं घेऊन ती घरी आली आणि न जेवता निजली.

दुसऱ्या दिवशी तिनं पोरांना सगळं सांगितलं, अबोल्याचंसुद्धा. पोरं चिडतील, आरडाओरडा करतील असं वाटलं होतं. तिला तर ते हवंच होतं. पण पोरांनी निमूटपणे गाइडं वाटून घेतली. काहींना चक्क हायसं वाटलं, आणि तिच्या जिवाला तेच जास्त लागलं.

मधल्या सुट्टीत गंधाली आली. "मॅडम, नाटक मुळातूनच वाचून काढू का जी? रात्रंदिवस बसतो मी."

"नाही होत बाई. भाषा जुनी आहे, आणि तुले बाकीचेही विषय आहेत." दीपमालानं हातातलं गाइड तिच्यापुढे सरकवलं. "तू गाइडच कर."

मग रोज तेच. राजाचा स्वभाव, राणीचा स्वभाव, दुसऱ्या अंकाचा सारांश. ती सांगायची, वर्ग लिहून घ्यायचा, कोणी कोणाशी भांडत नव्हतं. एकदा प्रश्न आला, राजानं केलं ते तुम्हाला पटतं का? दीपमालानं गाइड मिटलं. "हे तरी तुमचं तुम्ही लिहा रे."

गंधालीनं हात वर केला. एरवी वर्गात हिंदी बोलणारी पोट्टी सगळ्यांदेखत मराठीत म्हणाली, "मॅडम, मले काय वाटते, ते पण तुम्हीच सांगून द्या ना. चुकलं तर दुकानावर बसवतील मले."

दीपमालानं गाइड पुन्हा उघडलं, पान शोधलं.

"आय थिंक," ती म्हणाली, आणि सगळ्या वर्गानं लिहून घेतलं.