काळ्या दाण्यांचा भात

मो सोकबेच्या घरात सोयाबीन अंगणापर्यंत यायचं, चुलीपर्यंत कधीच नाही. पहिलं हिम पडलं की नवराबायको मिळून काळ्या सोयाबीनची झाडं कापायचे, ताडपत्रीवर वाळवायचे, काठीने झोडपायचे आणि एकूण एक दाणा पोत्यात भरून शहरात धाडायचे. दुरेगोल गावचं सोयाबीन नावाजलेलं, लोक आधीपासून सांगून ठेवत. पिकवणाऱ्याच्या घरात मात्र एकेचाळीस वर्षं नुसता पांढराशुभ्र भात. आंबवलेल्या सोयाबीनचं कालवण तेवढं चालायचं, कारण त्यात दाणा दाण्यासारखा दिसत नाही. टोफू नाही, उकडलेलं नाही, आणि भातात शिजवलेलं तर नाहीच नाही.

कारण सगळ्या गावाला ठाऊक, आणि सगळं गाव अळीमिळी गुपचिळी. आमच्याकडे कुणी तुरुंगात गेला की 'सोयाबीनचा भात खायला गेला' म्हणतात, कारण त्या काळी आत तोच मिळायचा. सोकबेने तो दहा महिने खाल्ला होता. विशीतली पिलसुन दक्षिणेकडच्या एका सूतगिरणीत कामाला होती आणि सोकबे तिथे यंत्रं दुरुस्त करायचा. मुकादम पिलसुनच्या अंगचटीला येऊ लागला. सोकबेने दोनदा बजावलं, तिसऱ्यांदा पान्ह्याने त्याचा जबडा मोडला. सुटून आल्यावर दोघांचं लग्न झालं. त्या दहा महिन्यांविषयी घरात चकार शब्द काढायचा नाही, हा सोकबेचा कायदा. पिलसुनने तो पाळला. पण कुणाच्या ताटात सोयाबीन दिसलं की नवरा तोंड फिरवायचा आणि तिच्या काळजाला घरं पडायची. ज्या बाईपायी हे गिळावं लागलं ती समोरच बसलीय, असंच हा मनात म्हणत असणार, हे तिने धरून ठेवलं होतं.

तेही निभलं असतं. पण या हिवाळ्याच्या तोंडाशी आरोग्यकेंद्रात तपासणी झाली आणि सोकबेची उपाशीपोटीची साखर एकशे एकोणीस निघाली.

"काका, मधुमेह अजून घरात शिरलेला नाही," तरुण डॉक्टर म्हणाला, "पण उंबऱ्याशी येऊन उभा आहे. तुमच्या सख्ख्या भावाकडे राहतोच तो, त्यामुळे पत्ता शोधायला लागला नाही त्याला."

"मग गोळी द्या एखादी आणि मोकळं करा."

"आधी तीन महिने जेवण बदलून बघू. एका वेळी एकच वाडगं, त्यातही भात निम्मा करा आणि त्या जागी कडधान्य घाला. नुसता भात रक्तात धावत सुटतो, सोयाबीन रमतगमत जातं. पोटालाही आधार राहतो. जादू नाही ती, चालायला हवंच. पण कमाल आहे, दुरेगोलच्या माणसाला सोयाबीन खा म्हणून मी सांगायचं!"

सोकबे छताकडे बघत राहिला. दोघांच्या वाटची मान पिलसुननेच डोलावली.

परत येताना ती सोकबेला घेऊन मुद्दाम थोरल्या दिरांच्या घरावरून आली. सोकजूदादांना साखरेने आधी पायाचं बोट मागितलं, मग दोन्ही डोळे. ते जेवायला बसले होते. जाऊबाईंनी त्यांच्या हातात चमचा दिला, त्यांचं मनगट धरून किमचीची वाटी दाखवली, मग माशाची. दादा हसून म्हणाले, "सोकबे, पान्हा कितीचा ते अजून नुसतं बघून सांगतोस ना रे? सांभाळ बाबा." सोकबेचं सगळं आयुष्य गावच्या नांगरयंत्रांच्या पोटात डोकं घालून गेलेलं. बोटभर स्क्रू, केसभर तार, सगळा डोळ्यांचा कारभार. पिलसुन त्या मनगटाकडेच बघत होती. घरी येईपर्यंत मनाशी तिचं ठरलं होतं. माझ्या नवऱ्याचं मनगट असं धरायची पाळी मी येऊ देणार नाही. तो रागावला तर रागावू दे.

दुसऱ्या दिवशी भातात काळे दाणे आले. सोकबे चिमटीने एकेक दाणा वेचून ताटलीच्या कडेला मांडू लागला. यंत्राचे सुटे भाग मांडावे तशी रांग. भात निवून गेला तरी माणूस वेचतोय.

"अहो, दाणे आहेत ते, ढेकूण नव्हेत."

"मला भात दे."

"तो भातच आहे."

"भात पांढरा असतो."

तिने सोयाबीन दळलं आणि पीठ करून भातात घातलं. त्याने झाकण उघडताच वास घेतला आणि वाडगं सरकवून दिलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा तिचा स्वभाव नव्हता, त्यामुळे ती फसवाफसवी तिलाच आवडली नाही.

बरं, माणूस बाकी सगळ्यात वाघ होता. दिवसाला सहा पुड्या गोड कॉफी पिणारा, त्याने ती एका दिवसात तोडली. तांदळाची दारू बंद केली. ओढ्याच्या काठाने सकाळसंध्याकाळ पाय ओढत चालायचा, बर्फ असलं तरी. भातही खरोखर निम्मा केला. मग व्हायचं काय, चार वाजले की पोटात आग पडायची आणि शेगडीवरची दोन रताळी आणि शेजारून आलेला तांदळाचा गोड वडा हा एका घासात संपवायचा. म्हणजे दाराने बाहेर काढलेली साखर खिडकीतून आत.

मुलीचा, मिरानचा, शहरातून फोन आला. "आई, सोड ना तो हट्ट. बाबांचं सुंभ जळलं तरी पीळ जायचा नाही."

"मग पीळ आणि मी, बघू कोण आधी थकतं," पिलसुन म्हणाली.

आठवडा सरला आणि तिने डाव बदलला. एके दुपारी सोकबेपुढे पांढरा भात ठेवला आणि स्वतःपुढे काळ्या दाण्यांचा. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्यासमोर बसून तो भात खाऊ लागली. सावकाश, प्रत्येक घास चावून.

सोकबेचा चमचा हवेतच थांबला. "हे काय?"

"जेवतेय."

"माझ्यासमोर ते खाऊ नकोस."

"मग कुठे खाऊ? गोठ्यात?"

तो वाडगं उचलून अंगणापलीकडच्या आपल्या यंत्रदुरुस्तीच्या कारखान्यात गेला आणि थंडीत उभ्याने जेवला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. नवऱ्याला गारठ्यात उभं जेवताना खिडकीतून बघून पिलसुनचं पोट तुटायचं, पण तिने सोयाबीन सोडलं नाही. दहाव्या दिवशी ती आपलं वाडगं घेऊन त्याच्या मागोमाग कारखान्यात गेली आणि उघड्या यंत्राशेजारी उलट्या डब्यावर बसली.

"तुला काय हवंय तरी काय?" सोकबे ओरडला.

"एकदा बोलून टाका. माझ्यापायी खावा लागला तो भात. म्हणून माझ्या हातचा चालत नाही. असंच ना? म्हणा ना तसं! एकेचाळीस वर्षं दाण्यांवर राग काढताय, एकदा माझ्यावर काढा आणि मग मुकाट्याने जेवा. मला तुमचे डोळे हवेत."

सोकबेने आपलं वाडगं खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठच्या कुठे गेला होता.

"तुझ्यापायी?" तो म्हणाला. "वेडी की खुळी तू? त्या मुकादमाचा जबडा मी आजही मोडीन. हा हिशेब तू कुठून काढलास?"

"मग?"

तो हातातला चमचा चोळू लागला. मग यंत्राकडेच बघत बोलला.

"आई गेल्याचं मला आत कळलं. दुपारची वेळ. शिपायाने गजांतून सांगितलं, तुझी आई परवा गेली, मातीही झाली. पाठोपाठ वाडगं आलं. काळ्या दाण्यांचं. मी ते खाल्लं, मिरानच्या आई. सगळं खाल्लं. रडत होतो आणि खात होतो. भूकच तशी होती. शेजारच्याने मला दया येऊन आपलं निम्मं दिलं, तेही खाल्लं. तळाचा दाणा बोटाने काढून खाल्ला. आई तिकडे मातीत, आणि मला ते गोड लागत होतं. असला मुलगा मी. भातात तो दाणा दिसला की मला मीच दिसतो."

पिलसुनच्या हातातलं वाडगं मांडीवर टेकलं. सोकबे आत गेला तशी ती लग्नाआधीच त्याच्या आईजवळ येऊन राहिली होती, शेवटचं पाणी तिनेच पाजलं होतं. पण त्या दिवसांविषयी बोलायचं नाही, असा कायदा होता ना!

"अहो," ती म्हणाली, "आई शेवटचे आठ दिवस एकच विचारत होत्या. डोळे उघडले की विचारायच्या. पोरगं जेवत असेल का गं? त्यांना दुसरं काही नको होतं. मी म्हणायची, हो, पोटभर जेवतात. कालच निरोप आलाय, वाडगं चाटूनपुसून जेवतात. कसला निरोप आणि कसलं काय! शेवटच्या सकाळीही मी तेच सांगितलं. त्या 'बरं' म्हणाल्या आणि गेल्या." तिने बाहीनेच नाक पुसलं. "एकेचाळीस वर्षं मला वाटतंय, मी मरणाऱ्या बाईशी खोटं बोलले."

सोकबेने यंत्रावर हात टेकला. त्याची पाठ गदगदा हलू लागली. पिलसुन उठली नाही, त्याला तिने रडू दिलं.

मग त्याने हात पुसले, तिच्या मांडीवरचं वाडगं घेतलं आणि उभ्याउभ्याच पहिला घास तोंडात टाकला. चावला. गिळला.

"कच्चे राहिलेत दाणे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"कच्चे नाहीत. तुमच्या दाढा गेल्यात."

तो खाली तिच्याशेजारी बसला आणि खात राहिला. घास घाईचे नव्हते, पण मध्ये थांबलेही नाहीत. शेवटचे दाणे त्याने चमच्याने एकत्र ओढून खाल्ले आणि रिकामं वाडगं तिच्यापुढे धरलं.

"आहे का अजून?"

पिलसुनच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तरी तिने नकाराची मान हलवली.

"डॉक्टरांनी एकच वाडगं सांगितलंय," ती म्हणाली. "आता उठा, आणि ओढ्यापर्यंत चालून या."