नांगराची दोन भोकं

"तबकडीवर नांगर नाही म्हणजे साधंच घड्याळ, बाई. अशी तेव्हा बाजारात पेटीपेटीनं मिळायची," उस्ता घत्तासनं भिंग कपाळावर सरकवलं.

"झाकण न उघडताच सांगताय?" इन्शिराहबाईंनी विचारलं. तीस-पस्तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवलेली बाई. ती सहजासहजी उठणार नव्हती.

पोर्ट सैदच्या आमच्या कमानीखाली मी चष्मे विकतो आणि घत्तास घड्याळं दुरुस्त करतो; कारागिराला इथे उस्ता म्हणतात. मधे एक बुटकी फळी, त्यामुळे त्याची गिऱ्हाइकं ऐकण्यापुरती माझीही असतात. त्याच्या पाटीवर लिहिलंय, 'तबकडी नव्यासारखी करून मिळेल.' त्या ओळीचा त्याला भारी तोरा.

बाईंचं काम तसं सरळ होतं. युद्धानंतर सुएझ कालवा पुन्हा सुरू झाला, त्या वर्षी एका जहाज कंपनीनं येणाऱ्या जहाजांचे दोर बांधणाऱ्या नावाड्यांना घड्याळं वाटली होती. मॉडेल बाजारातलंच, फक्त सहाच्या आकड्यावर जहाजाचा चिमुकला पितळी नांगर. बाईंचे वडील, अब्देल मौजूद, सांगायचे की त्यातलं एक माझं. धाकटा भाऊ म्हणायचा, बाबा गोदीच्या फाटकावर बसायचे, पाण्यावर कधी गेलेच नाहीत, सगळ्या थापा. आता धक्क्याजवळच्या संग्रहालयात त्या नावाड्यांची नावं लागणार होती. कंपनी उरली नव्हती, कागदही नव्हते. घड्याळ हाच पुरावा, आणि तिथल्या पोरानं ते नुसतं पाहूनच, नांगर नाही म्हणून, परत केलं होतं.

"सोमवारी यादी बंद होते. तुम्ही उघडून बघा, उस्ता. साधंच निघालं तर भावासमोर कान पकडते."

"उघडतो. आधी चहा घ्या."

"घ्या बाई," मी फळीवरून म्हटलं, "वर्षाकाठी एकदाच पाजतो तो."

"सब्री, तू तुझ्या काचा पूस."

त्यानं मागचं झाकण काढलं आणि भिंग पुन्हा डोळ्यावर ओढलं. आमच्याकडे घड्याळ दुरुस्त करणारा झाकणाच्या आत सुईनं आपलं अक्षर आणि तारीख कोरून ठेवतो, पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. इथे एकच खूण होती. त्यानं झाकण माझ्याकडे सरकवलं. मार्च शहात्तर, आणि अक्षर त्याचंच.

मग त्यानं काटे उतरवले, तबकडी सोडवली, चिमट्यानं उलटी धरली. सहाच्या मागे खसखशीएवढे दोन कथलाचे ठिपके होते.

"साध्या मॉडेलला इथे काही नसतं," तो म्हणाला. "ही नांगराच्या पायांची भोकं. बुजवलीत."

"कोणी?"

'असेल कोणी जुना कारागीर' म्हणाला असता तर बाईंना पटलं असतं. मीही तोंड उघडलं नसतं, खोटं कशाला सांगू.

"मी," घत्तास म्हणाला. "खाऱ्या पाण्यानं तबकडी हिरवी पडली होती. गाव सोडून गेलेले लोक परत येत होते, कामाचा नुसता ढीग. नांगर काढला, घासली, रंगवली. घ्यायला आले तेव्हा तुमचे वडील म्हणाले, उस्ता, माझा नांगर? मी म्हटलं, अहो काका, कोण बघतंय? नव्यासारखं झालंय की! त्यांनी पैसे ठेवले, घड्याळ उचललं. तसेच गेले."

बाईंनी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणून बाही ओढून घ्यायचे. ऐन उन्हाळ्यात," त्या हळूच म्हणाल्या. "कोणी वेळ विचारली तरी दुसरीकडे बघायचे. आम्हाला वाटायचं, थाप उघडी पडेल म्हणून लपवतात. मलासुद्धा वाटायचं."

मला रडू आलं. मी खरंच काचा पुसायला घेतल्या.

घत्तासनं सगळे खण उपसले, जुन्या भागांचे डबे कागदावर ओतले. नांगर मिळाला नाही.

"नवा करून बसव ना," मी शहाणपणा केला.

"पुन्हा तेच करू?" तो माझ्यावर खेकसला.

त्यानं दुकानाचा कागद घेतला आणि लिहिलं: हे घड्याळ नावाड्यांचंच आहे. नांगर होता, तो मी काढला. मालकानं नांगर विचारला तेव्हा मी त्याचं ऐकलं नाही. खाली पूर्ण नाव, सही आणि दुकानाचा शिक्का. हा कागद संग्रहालयात काचेमागे लागणार आणि अख्खं गाव वाचणार, हे त्याला ठाऊक होतं.

बाईंनी तो दोनदा वाचला. "शेवटचं वाक्य नसलं तरी चालेल, उस्ता."

"असू दे."

कथलाच्या ठिपक्यांचा फोटो बाईंनी मोबाइलवर काढून घेतला. मग त्यानं घड्याळ पुन्हा जोडलं. परत देताना 'घ्या, नव्यासारखं झालं' म्हणायची त्याची सवय. आज दोन्ही हातांनी नुसतं पुढे धरलं. बाईंनी चावी दिली, कानाशी नेऊन ऐकलं आणि पट्टा शेवटच्या भोकात अडकवून आपल्याच मनगटावर बांधलं. तरी ते सैलच होतं. मग त्यांनी बाही दोनदा दुमडून वर घेतली आणि भर दुपारी धक्क्याकडे चालू लागल्या.