वरच्या खुणेच्याही वर

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. तुमच्या दप्तरातली नव्हे. तिच्यावर इंच असतात, सेंटीमीटर असतात, शिवाय मधल्या सुट्टीत तिची तलवारही होते. माझ्यावर फक्त दोन खुणा आहेत. एक वर, एक खाली. एका निळ्या, वयात आलेल्या नव्हे तर वय झालेल्या गाडीच्या इंजिनात, एका अरुंद नळीत मी उभी असते. माझं खालचं टोक इंजिन ऑइलमध्ये बुडालेलं असतं. वरच्या टोकाला एक पिवळी कडी आहे, ती बॉनेटखालच्या अंधारात. कुणीतरी त्या कडीत बोट घालावं, मला ओढावं, पुसावं, पुन्हा बुडवून पुन्हा ओढावं आणि बघावं, की ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे ना. एवढंच माझं बोलणं. ओढल्याशिवाय मला बोलता येत नाही. सांगायचं असून सांगता न येणं म्हणजे काय, हे वर्गात हात वर करून बसलेल्या आणि बाईंचं लक्षच न गेलेल्या मुलांना मी वेगळं सांगायला नको.

माझा जन्म एका मोठ्या, कान किटवणाऱ्या कारखान्यात झाला. पोलादाला ताणलं, वाकवलं, टोकाला चपटं केलं आणि ठोकून माझ्यावर दोन खुणा उठवल्या. तिथे तपासणीला एक बाई बसायची. ती प्रत्येक पट्टी डोळ्यांसमोर धरून बघायची आणि वाकडी निघाली की शेजारच्या पिंपात फेकायची. माझ्याकडे तिनं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मान हलवली आणि मला बरोबर असलेल्यांच्या पेटीत ठेवलं. पण तेव्हापासून जी धाकधूक लागली ती आजतागायत गेलेली नाही. आपण चुकीचं तर दाखवत नाही ना?

गाडी घेतली ती आजोबांनी. तेव्हा ते आजोबा नव्हते. औषधांच्या कंपनीत फिरते विक्रेते होते. सकाळी निघायचे, या गावातून त्या गावात, आणि दिवेलागणीला परतायचे. इंजिन असं तापायचं, की ऑइलसुद्धा घाम आल्यासारखं झुळझुळायचं. दर रविवारी आजोबा रबरी चपला घालून, जुन्या बनियनचा तुकडा खांद्यावर टाकून बाहेर येत. मला ओढत, पुसत, उजेडात धरत. तीन हजार किलोमीटर झाले की ऑइल बदलायचंच, हा त्यांचा नेम. एखादा आठवडा उशीर झाला तर त्यांना घास गोड लागत नसे. शेजारी चेष्टा करत, "काय हो, गाडीला रोज आंघोळही घालता का?" तेव्हा आजोबा मला उंच धरून म्हणत, "माणूस खोटं बोलेल, पट्टी खोटं बोलत नाही."

केवढं कौतुक होतं ते! पुढे याच कौतुकानं मला रडवलं. ते आता सांगते.

आजोबा निवृत्त झाले आणि गाडी त्यांच्या मुलाकडे आली. मुलाचं काम संगणकावर. त्याची एक मुलगी आहे. बिस्किटं गालात साठवून ठेवायची तिची सवय, म्हणून तिला घरात सगळे खारू म्हणतात. मीही तेच म्हणते. गाडीचं आयुष्य आता अगदी लहान झालं. घर ते पाळणाघर, पाळणाघर ते खारूच्या आईचं ऑफिस, संध्याकाळी उलट. इंजिन कोमट होतंय न होतंय तोच किल्ली फिरायची आणि सगळं बंद.

ऐकायला किती सुखाचं वाटतं, नाही? कमी धाव, कमी झीज. खारूच्या बाबांनाही तसंच वाटायचं. पण इंजिनाचं गणित निराळं असतं. थंड इंजिनात सगळंच पेट्रोल जळत नाही. थोडं कडेनं निसटतं आणि खाली ऑइलमध्ये उतरतं. लांबच्या रस्त्याला इंजिन नीट तापलं, की ते उडून जातं. पण गाडी तापायच्या आतच थांबत असेल तर बिचारं जाणार कुठे? न बोलावलेल्या पाहुण्यासारखं तिथेच ठाण मांडतं. त्या थंडीच्या दिवसांत रोज थोडं, रोज थोडं असं ते माझ्या अंगावर चढत गेलं. ऑइल पातळ होत होतं आणि मला ते पायाशी कळत होतं. मला ओढा, कुणीतरी मला ओढा, असं मनात चाललेलं. पण माझ्या कडीला एका कोळ्यानं धागा बांधला आणि तो धागा महिनोन्‌महिने तुटला नाही. यावरून काय ते समजा.

घरात आणखी एक जीव असाच बेचैन होता. खारूची आई. दूध वास घेतल्याशिवाय ती खारूला द्यायची नाही. गॅस बंद केलाय की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत जायची. तिला रस्त्यातल्या सिग्नलला थांबलं की आठवायचं.

"अरे, ऑइल बदलून किती दिवस झाले?"

"दहा हजारला बदलायचं असतं. आपले निम्मेही झाले नाहीत."

"पण वर्ष होत आलं ना?"

"मग? ऑइलचा काय वाढदिवस करायचाय?" बाबा हसायचे. "आताचं ऑइल सिंथेटिक असतं, राणीसरकार. काही झालंच तर समोर दिवा लागेल."

"दिवा लागल्यावर काय बघायचं? तोवर उशीर झालेला असतो."

"तुला तर बंद कुलपाचीही काळजी वाटते."

 आपल्याला सगळ्याचीच काळजी वाटते हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे त्यातली खरी कुठली आणि उगाचची कुठली, हे तिचं तिलाच ठरवता यायचं नाही.

मग तो शुक्रवार आला. डोंगरापलीकडच्या गावात खारूची आजी, म्हणजे आईची आई, राहते. शनिवारी सकाळी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. शुक्रवारी दुपारी निघायचं, डोंगर चढून रात्रीच्या आत पोचायचं, असं ठरलेलं. सामान भरलं. खारू तिच्या खुर्चीत बसली. आजोबा पुढच्या सीटवर पट्टा लावून तयार. बाबांनी किल्ली हातात घेतली आणि आई म्हणाली, "एक मिनिट. बॉनेट उघड."

"आत्ता?"

"आत्ताच. वरती वळणावळणाचा रस्ता आहे, फोनही लागत नाही. मला एकदा बघू दे."

कोळ्याचा धागा तुटला. मित्रांनो, त्या उजेडानं माझे डोळे दिपले असते, जर मला डोळे असते! आजोबांनी खिडकीतून सूचना दिल्या. "पुस आधी. पुन्हा घाल. पूर्ण आत. हां, आता ओढ." तिनं मला खारूच्या जुन्या लाळेऱ्यानं पुसलं, बुडवलं आणि ओढलं.

ऑइल वरच्या खुणेपर्यंत होतं. वरच्या खुणेपर्यंत कसलं, तिच्याही वर.

"घ्या!" बाबांनी टाळी वाजवली. "कमी व्हायचं सोडून वाढलंय. आपली गाडी दुभती आहे."

आजोबाही खुलले. "भरलेलं आहे ना? मग चला. पट्टी खोटं बोलत नाही."

काय सांगू मला काय झालं! मी खोटं बोलत नव्हतेच. जेवढं होतं तेवढंच दाखवत होते. पण जे होतं ते निव्वळ ऑइल नव्हतं, आणि हे सांगायला माझ्यावर खूणच नव्हती. माझ्या दोन रेघा फक्त 'किती' सांगतात. 'कसं' सांगणारी तिसरी रेघ त्या कारखान्यात कुणी ठोकलीच नाही.

आईनं मला परत नळीशी नेलं. माझं टोक आत गेलंसुद्धा. मग तिचा हात थांबला. सवयच ती. दुधाचं पातेलं असो, डबा असो, पाण्याची बाटली असो, नाकाशी नेल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडत नाही. तिनं मला पुन्हा वर काढलं आणि वास घेतला.

"याला पेट्रोलचा वास येतोय."

"गाडीला गाडीचाच वास येणार. गुलाबाचा येईल का?" बाबा म्हणाले.

"आजोबा, तुम्ही बघा ना जरा."

आजोबांनी वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "माझं नाक माझ्याआधी निवृत्त झालंय गं. काही कळत नाही."

आईनं लाळेरं झटकलं. तेवढ्यात मागच्या सीटवरून खारू ओरडली, "पंप आला? पंप आला?" पेट्रोल पंपावर काकांना टाटा करायला तिला फार आवडतं.

बाबांचं हसू जरासं मावळलं. आई मात्र माझ्याकडे बघत राहिली. "दुधात पाणी घातलं तरी पातेलं भरलेलंच दिसतं," ती हळूच म्हणाली. "ऑइल आपोआप वाढत नाही. मग हे वाढलं कशानं?"

"अगं, तुझ्याच आईसाठी चाललोय ना? तुलाच घाई हवी. परत आल्यावर बदलू की."

हेच तर तिला टोचत होतं. ऑपरेशनच्या आधी आईचा हात धरायचा होता तिला. आठवडाभर ती तेच बोलत होती. थांबायचं तर तो क्षण हुकणार. आणि वास उगाचचा निघाला, तर जन्मभर घरात या पट्टीवरून चेष्टा होणार. तिची बोटं माझ्या कडीवर इतकी घट्ट होती, की मला तिची नाडी लागत होती.

तिनं मला आत ठेवलं आणि गॅरेजला फोन लावला. गाडी आता आणा, पण हात लागेल तो उद्या सकाळी, असं उत्तर मिळालं. मग तिनं आपल्या आईला फोन लावला. आवाज फोनमधून मलाही ऐकू आला, एवढा खणखणीत.

"डोळा माझा कापायचाय की तुझा? उद्या दुपारी आलात तरी मी इथेच आहे. उशिरा या, पण सगळे या."

फोन ठेवल्यावर आईनं बॅगा उतरवल्या. एकटीनं. बाबा तीन मिनिटं रुसून उभे होते, मग त्यांनीही एक उचलली.

सकाळी मेकॅनिकनं खालचा नट सैल केला. जुनं ऑइल धार धरून यायला हवं होतं, ते पाण्यासारखं भसकन आलं. परात भरली, तरी येतच राहिलं. मेकॅनिकनं बोटांवर चोळून पाहिलं आणि शीळ घातली. "वहिनी, भरलं होतं त्यापेक्षा जास्त निघालं की! खरं ऑइल तर वर्षभरात जळून कमीच झालंय. चढावर इंजिन तापलं असतं, यातलं पेट्रोल उडालं असतं, आणि मग पट्टीच्या टोकाला लागायलाही ऑइल उरलं नसतं. जॅम झालं असतं कुठल्यातरी वळणावर."

 बाबांनी परातीकडे पाहिलं, मग मागच्या रिकाम्या छोट्या खुर्चीकडे. ते म्हणाले, "मग तूच सांग. ऑइल बदलायला किती थांबायचं असतं?"

आई म्हणाली, "रोज अशाच छोट्या फेऱ्या असतील तर सहा महिने. किलोमीटर काहीही म्हणोत. लांब फिरायला लागलो तर पुस्तकात दिलंय तेवढं. आणि महिन्यातून एकदा पट्टी ओढायची. बघायची आणि वासही घ्यायचा."

"आणि आठवड्यातून एकदा मला लांबवर फिरवून आणायचं," आजोबा म्हणाले. "इंजिनही तापेल, माझंही डोकं थंड राहील."

"आजोबा, तुमचे ते तीन हजार..." आईनं विचारलं.

"राहू दे. मीही नुसते आकडेच मोजत होतो."

नवं ऑइल माझ्या पायाशी आलं तेव्हा कसं वाटलं सांगू? तापातून उठल्यावर धुतलेली चादर अंगावर घ्यावी तसं.

डोंगराच्या मध्यावर आईनं गाडी थांबवायला लावली. सपाट जागा बघून, इंजिन बंद करून, थोडं थांबून तिनं मला ओढलं. दोन खुणांच्या बरोबर मध्ये, मधाच्या रंगाचं ऑइल. तिनं वास घेतला. मान हलवली, अगदी त्या कारखान्यातल्या बाईसारखी. पुढच्या दोन वळणांनंतर ती पुन्हा म्हणाली, "थांबूया का? परत एकदा बघते."

"अगं, पेरलेलं बी रोज उकरून बघितलं तर ते उगवायचं कसं?" आजोबा म्हणाले.

 ती खिडकीला डोकं टेकून रस्त्याकडे बघत राहिली. थोड्या वेळानं मागून खारूचा कुजबुजता आवाज आला, "बाबा, आई झोपली." बाबांनी वळणं आणखी सावकाश घेतली.

दुपारी पोचलो तेव्हा आजी दवाखान्याच्या फाटकाशीच बसली होती. तिच्या डोळ्यावरही पट्टी होती, माझी पांढरी, मऊ बहीण. आई धावत तिच्याकडे गेली आणि काही बोलणार, तोच आजीनं उरलेल्या एका डोळ्यानं तिच्या गालाकडे निरखून पाहिलं. सीटच्या पट्ट्याची लांब लाल खूण तिथे उमटली होती.

"झोपली होतीस?" आजीला खरंच वाटेना. "गाडीत? तू?"

मित्रांनो, तेवढ्यासाठी मी आणखी शंभर वेळा गरम ऑइलमध्ये बुडी मारीन.

पण माझं एक ऐका. आज घरी गेलात की मोठ्या माणसाला विचारा, आपल्या गाडीची पट्टी शेवटची कधी ओढली होती? गाडी सपाट जागी हवी, इंजिन बंद आणि निवलेलं हवं, आणि ओढणारा हात मोठ्या माणसाचाच हवा. भरलेलं दिसलं म्हणून लगेच झाकण लावू नका. आणि घरातलं सारखी काळजी करणारं माणूस म्हणालं, "मला काहीतरी वेगळं वाटतंय," तर हसण्याआधी एकदा वास घेऊन बघा. नव्याण्णव वेळा काही नसेलही.

आमच्या घरी आता महिना भरत आलाय. मी इथेच आहे, बॉनेटखालच्या अंधारात, हात वर करून.