ह्यांचं शेवाळ

एकटं राहणारी माणसं वस्तूंशी बोलायला लागतात म्हणे. मी वस्तूंशी बोलत नाही. मी बुरशीशी बोलते, आणि बुरशी जिवंत असते, तेव्हा मला वेडी म्हणायचं काम नाही.

हे होते तेव्हा संस्थेतल्या या खोलीत आम्ही समोरासमोर बसायचो. बुरशी माझ्याकडे, शेवाळ ह्यांच्याकडे. आमचा विषयच तसा, दगडफूल. भिंतीवर, खडकावर जे करडे पोपडे धरतात ना, ते. दिसायला एक, पण आत दोघं नांदत असतात. बुरशी घर बांधते आणि शेवाळ त्या घरात उन्हावर अन्न तयार करतं. आमच्या लग्नात यावरून सगळ्यांनी इतके विनोद केले की अजूनही कोणी तो विषय काढला की मी उठून जाते.

आता समोरचं टेबल रिकामं आहे. म्हणजे टेबल आहे, त्यावर ह्यांच्या शेवाळाच्या हिरव्या नळ्या आहेत, आणि त्यांना वेळच्या वेळी नवं खाद्य मी घालते. शेवाळ मला पहिल्यापासून आवडत नाही. पण घालते, काय करणार.

ह्यांनी मागे ठेवलेलं आणखी एक म्हणजे भांडण. दगडफुलाला पोरं दोन तऱ्हेनं होतात. एक सोपी तऱ्हा: अंगावर पिठासारखे कण धरतात, प्रत्येक कणात बुरशी आणि शेवाळ दोघं बरोबर. कण गळला, कुठे चिकटला, की संसार जसाच्या तसा पुढे सुरू. दुसरी तऱ्हा जिवावरची: बुरशी एकटीच वाट्या धरते, वाटीतून बीजाणू उडतात, आणि जिथे कुठे पडतील तिथे प्रत्येकाला नवं शेवाळ भेटलं तर भेटलं. नाही भेटलं तर मेला. बहुतेक मरतातच. म्हणून काही जातींनी पुढे ही भानगडच सोडली आणि नुसत्या कणांवर भागवलं. आमच्या अभ्यासातली जात त्यातलीच. हिला वाट्या येत नाहीत, असं सगळे धरून चालले होते.

आणि ह्यांना मागच्या कुंपणाच्या भिंतीवर हिचा वाट्या आलेला ठिपका सापडला.

"सोडलेली वाट परत धरतेय ती," हे म्हणाले. आनंदानं नुसते नाचायचे बाकी होते.

"शोभेच्या वाट्या आहेत. त्यातून काही व्हायचं नाही," मी म्हणाले. मी प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणते, स्वभावच आहे.

"बीजाणू काढू, माझं शेवाळ देऊ. जमलं तर काय देशील?"

काय देऊ ते सांगायचं राहूनच गेलं. पुढच्याच आठवड्यात हे झोपेत गेले. ना दुखणं, ना निरोप. इतका राग आला मला की रडूसुद्धा धड आलं नाही.

मग तो प्रयोग मी एकटीनं मांडला. भिंतीवरच्या ठिपक्याचा वाट्या असलेला तुकडा काचेच्या डिशच्या तळाला चिकटवला, काही दिवस ठेवून बीजाणू जेलीवर उतरवले, मग तुकडा काढून टाकला. बीजाणूंची पांढरी लव आली, तेव्हा तिच्याशेजारी ह्यांचं शेवाळ सोडलं. हे शेवाळ दूरच्या डोंगरावरचं, आमच्या भिंतीशी त्याचा काही संबंध नाही. मग वाट बघत बसले. तुकडा आत होता तेव्हापासूनच रोज सकाळी आल्या आल्या डिशला म्हणायचे, "काय गं, काही विचार आहे का?" घरी कोणाला काही विचारायची सोय नव्हती. घरी मी रेडिओ लावायचे आणि तोही मग बंद करायचे.

आणि एक दिवस जेलीच्या कडेला करडा-हिरवा पापुद्रा दिसला. तिळाएवढा. पण दगडफूलच ते, अस्सल. मी खुर्चीत बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "हरले हो मी, हरले! झालं समाधान?" जन्मात कधी हरल्याचा इतका आनंद झाला नव्हता. ह्यांच्या हातचं काहीतरी या जगात नव्यानं रुजलं होतं.

पण खात्री करायला हवी होती. पापुद्र्यातलं शेवाळ ह्यांचंच आहे का, हे शेजारच्या इमारतीतलं डीएनए वाचायचं यंत्र सांगू शकतं. ते यंत्र चालवतात माझ्या नणंदबाई. वन्सं म्हणजे तोंडाळ बाई, आणि हे गेल्यावर आम्हा दोघींत बोलण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं. शिवाय तपासायचं तर तो तीळभर जीव चिरडायला लागणार. मी आज-उद्या करत राहिले. शेवटी वन्संनीच गाठलं.

"वहिनी, आणताय की देव्हाऱ्यात बसवताय?"

"आणते. पण संपेल ना तो."

"संपेल. नंतर मला बोल लावायचा नाही."

"लावणार."

"ते माहीतच आहे," म्हणाल्या आणि डिशमधून पापुद्रा तेवढा काढून घेऊन गेल्या.

निकाल त्या फोनवर सांगतात. त्या दिवशी जिना चढून स्वतः आल्या. ह्यांच्या खुर्चीत त्या कधी बसत नाहीत. त्या दिवशी बसल्या.

"दादाचं नाही ते," म्हणाल्या. "भिंतीवरच्या त्या ठिपक्यातलंच शेवाळ आहे. जुनंच जोडपं, कणातून आलेलं."

"यंत्र चुकलं असेल तुमचं."

"दोनदा केलं, वहिनी. तो माझा भाऊ होता. मला काय ते नको होतं?" त्यांचा आवाज फाटला. मी पहिल्यांदाच त्यांना रडताना बघितलं, अगदी ह्यांच्या वेळीसुद्धा बघितलं नव्हतं. मग नाक पुसून म्हणाल्या, "कण आत गेला कसा? तुम्ही तुकडा खाली आणि जेली वर, असंच ठेवलं होतं ना?"

तसंच ठेवलं होतं. बीजाणू उडी मारतात, म्हणून जेली वर छतासारखी धरायची. कणांना उडता येत नाही, ते खालीच राहतात. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात हे.

"मग डिश उलटली होती का कोणी?"

कोणी म्हणजे कोण? खोलीत दुसरं होतं कोण? वरून बघितलं तर जेलीआडून तुकडा नीट दिसत नाही. नीट बघायचा तर डिश पालथी करावी लागते. आणि तुकडा आत होता तेवढे दिवस मी ती रोज सकाळी हातात घेऊन पालथी करत होते, डोळ्यांशी नेऊन विचारत होते, काही विचार आहे का म्हणून. प्रत्येक वेळी तुकड्यावरचे कण जेलीवर झडत असणार. हे डिश मांडायचे, कपाटात टाकायचे आणि विसरून जायचे. मला नाही जमलं. बघायला दुसरं काही नव्हतं हो मला.

वन्संना सांगितलं. टोमणा मारतील वाटलं, पण मारला नाही.

"बीजाणूंची लव अजून आहे ना?" म्हणाल्या. "एकटी का होईना, जगलीय म्हणजे वाट्या शोभेच्या नव्हत्या. दादा निम्मा तरी बरोबर होता. परत मांडा."

त्याच दुपारी नवीन तुकडा आणून आम्ही दोघींनी मिळून डिश मांडली आणि कपाटात ठेवली. मी कुलूप लावलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. "मी मागितली तरी देऊ नका," म्हणाले. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली.

संध्याकाळी घरी गेले. रेडिओ लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत पाऊल टाकल्या टाकल्या मी त्यांच्या खोलीच्या दारात उभी. "सहज आले," म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, किटलीत दोन कप पाणी टाकलं आणि खुर्ची पुढे सरकवली. किल्ली मी मागितली, दोनदा मागितली. त्यांनी दिली नाही.