पिराजीचा घास

आंबवलीत मेलेल्या माणसाला कावळा सोडवत नसे, कासव सोडवी. हसू नका, त्या गावची रीतच तशी होती. मुळा नदीच्या डोहात थोरल्या परातीएवढं, मऊ पाठीचं, सोंडेसारख्या नाकाचं कासव होतं. दहाव्याला पळसाच्या पानावर भाताचा घास ठेवून डोहात सोडायचा. कासवानं तो खाली ओढला की माणूस सुटला. म्हणून त्या डोहात कुणी जाळं टाकत नसे, आणि कासव काठच्या वाळूत अंडी घालायला आलं की बाया गुरांनाही तिकडं फिरकू देत नसत.

पण धरण झालं आणि त्या श्रावणात नदी उलटी फुगू लागली. अंड्यांची वाळू बुडाली, कासवाचे ऊन खायचे खडक बुडाले, वाहतं पाणी जागच्या जागी पडून राहिलं. गाव कधीच पांगलं होतं. एकच घर उरलं होतं, कारण पिराजी हटून बसला होता, आणि बसल्या जागीच गेला.

आज त्याचा दहावा. लेक बाजी सकाळपासून आई कोंडाबाईशेजारी झडीत भिजत बसला होता. पान तरंगत होतं, पण घासाला कुणी शिवत नव्हतं. बाजीनं काय काय कबूल करून पाहिलं. "आबा, आयेला अंतर देनार न्हाई. तुमचा बैल इकनार न्हाई." कशाचं काय! पान जागचं हललं नाही.

त्यांना न्यायला आलेला, वर गाडी जुंपून उभा असलेला गाडीवान कुशाबा ओरडला, "बाजी, वाटंवर पानी चडतंय! वाट बुडाली तर मग बसा हितंच!"

"तुमी जावा," कोंडाबाई म्हणाली. "त्येनी घास घेतल्याबिगर म्या उठायची न्हाई. त्येंना असं लटकत ठिवून जाऊ व्हय?"

आणि ती खरंच उठली नसती. म्हातारीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाजीनं चढत्या पाण्याकडं पाहिलं. बाप तर गेलाच, आता आईही डोळ्यांदेखत पाण्यात जाणार!

"बैलांना वैरन टाकून येतो," म्हणून तो काठच्या उंबराआड गेला आणि आवाज न करता गढूळ पाण्यात शिरला. बुडी मारून अंदाजानं पानाखाली आला, हात वर केला आणि घासासकट पान खाली ओढलं.

तेवढ्यात मनगटाला काहीतरी लागलं. गार, मऊ. आधी निमुळतं नाक, मग रुंद बुळबुळीत पाठ. त्या नाकानं मूठ हुंगली आणि वासरू गाईच्या कासेला देतं तशी एक ढुसणी दिली. बाजीनं हात झटकला आणि धडपडत उंबराखाली बाहेर आला. मूठ उघडली तर भात बोटांतून निसटून गेला होता.

म्हणजे ते येत होतं! अरे देवा, येतच होतं! आणि पोटच्या पोरानं बापाचा घास त्याच्या तोंडातून काढला. दुसरा घास सोडायची रीत नव्हती.

"घेतला रं बाजी, घेतला!" काठावर कोंडाबाई रडत होती आणि हसतही होती. "सुटलं माझं मानूस! चल, आता कुटं न्यायचं तितं ने."

बाजीला रडू फुटलं. आईला वाटलं, बापासाठी रडतोय.

गाडी चढाला लागली आणि बैल गुडघ्यांवर आले. वाट सगळी खडकाची, चिखलाचं नाव नाही. "आरं, म्हातारी मूठभर, दोन भांडी," कुशाबा चाबूक खाली ठेवत म्हणाला, "मग गाडी येवडी जड कशी झाली?"

कोंडाबाई आत निवांत झोपली होती. कितीतरी दिवसांनी तिचा डोळा लागला होता.

बाजी मागं गेला. त्यानं गाडीला खांदा लावला आणि आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "चला, आबा. आता माज्यासंगं चला."